बॉयलरवाल्याच्या बरगड्या

लाँड्रीच्या बॉयलरवर एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला घरात चहासुद्धा करू देत नाहीत, यात अन्याय काही नव्हता. त्यांचा चहा म्हणजे पाणी उकळल्याची खात्री असे. साखर आणि पत्ती ही दुसऱ्यांची खाती. प्रेशरकाका हे नाव त्यांना लाँड्रीतल्या बायकांनी दिलं होतं. निवृत्तीच्या दिवशी एक घड्याळ आणि हे नाव, एवढं घेऊन ते घरी आले.

अशा माणसाने मागच्या महिन्यात साडूच्या घरी, सगळे जेवत असताना, तोंड उघडलं. साडू म्हणजे मेहुणीचा नवरा, मोठ्या हॉटेलातला वस्ताद, म्हणजे मुख्य आचारी. त्याने डुकराच्या बरगड्या केल्या होत्या आणि घरदार बोटं चाटत होतं.

"छान आहेत," काका म्हणाले. "पण आधी पाण्यात उकडल्यात."

"हॉटेलची सवय हो. घाई असते."

"असेल. पण चव पाण्यात गेली आणि पाणी मोरीत गेलं."

वस्तादाने हातातला डाव खाली ठेवला. "मग साडूबुवा, पुढच्या महिन्यात तुमच्याकडे. न उकडता करा. जमल्या, तर सगळ्यांसमोर उभं राहून माझी चूक कबूल करीन. नाही जमल्या, तर वाढलेलं मुकाट गिळायचं. जन्मभर."

काका 'बरं' म्हणाले. घरी परतल्यावर दार उघडता उघडता बायको म्हणाली, "अहो, मीठ कुठल्या डब्यात असतं ते तरी माहीत आहे का?"

"मीठ तू बघ. आग मी बघतो."

त्यांनी एक जुनं पत्र्याचं पिंप आडवं केलं. एका अंगाला छोटी भट्टी, तिला हवेची झडप. दुसऱ्या अंगाला धुराडं. वर तापमानाचा काटा. मांस निखाऱ्यांवर नाही, धुराच्या वाटेत ठेवायचं. बायको तीन रविवार लेपाशी झगडत होती. काकवी, व्हिनेगर, टोमॅटोचा रस, मोहरी, तिखट. तिची अट एकच: आधी गोड लागलं पाहिजे, आणि कौतुकाला तोंड उघडावं तोवर आंबट.

ठरलेल्या दिवशी सकाळी सातला काकांनी पेरूचं लाकूड पेटवलं. बरगड्यांच्या मागचा पापुद्रा सोलून, मीठ-मिरी चोळून त्यांच्या दोन सलग फळ्या पिंपात ठेवल्या. काटा एकशे दहावर उभा, धूर पातळ, निळसर. दीड वाजता जेवण. काका स्टुलावर असे बसले होते, की जगात त्यांच्याइतका निवांत माणूस नसावा.

आणि घात तिथेच झाला. लाँड्रीत इस्त्रीचे रोलर दहाला सुरू होत, त्यामुळे पावणेदहाला बॉयलर भरात लागायचा. एकतीस वर्षं लागायचा. पावणेदहाला काकांचा हात आपोआप उठला, त्याने झडप सताड उघडली, तीन लाकडं आत सारली, आणि काका रोजच्यासारखे हात धुवायला गेले.

"बाबा!" मागच्या दारातून मुलगी ओरडली. "काटा एकशे ऐंशीवर गेलाय!"

"शाब्बास," काका समाधानाने म्हणाले.

साबण हातातच राहिला. मग साठी ओलांडलेला तो माणूस ज्या वेगाने अंगणात आला, तो वेग लाँड्रीत आग लागली होती तेव्हाही कोणी पाहिला नव्हता.

"पाणी ओतू?" मुलीने विचारलं.

"खबरदार! निखाऱ्यावर पाणी घालणाऱ्याला आमच्याकडे दुसऱ्या दिवशी कामावर घेत नसत."

झडप बंद. पेटती लाकडं चिमट्याने बाहेर. उरलेल्या निखाऱ्यांवर फावडंभर राख, हलक्या हाताने, आग मरू नये पण आवाज करू नये एवढीच. वीस मिनिटांत काटा एकशे दहावर आला आणि तिथून हलला नाही. भट्टीकडच्या चार बरगड्यांचा मात्र कोळसा झाला होता. काकांनी त्या कापून ताटलीत काढल्या. बाकीच्या वरून तापल्या होत्या. आतून मऊ करायच्या तर आता तीच मंद आग, आणखी वेळ.

दीडला वस्ताद हजर झाला. हातात मोठा स्टीलचा डबा. "उकडलेल्या आहेत. भुकेल्या पोटाला चालतात."

दोन वाजले. मेहुणी डब्याकडे बघू लागली. बायको मागच्या अंगणात येऊन कुजबुजली, "अहो, थोडी वाढवा ना आग."

"नाही."

"लोक उपाशी बसलेत!"

"बसू देत. आज वाढवली तर जन्मभर गिळावं लागेल."

वस्ताद स्वतः मागे आला. ताटलीतला कोळसा त्याने बोटाने उलटा केला. "या कोणी केल्या?"

"मी. जुनी सवय आडवी आली."

वस्ताद हसणार होता; पण त्याची नजर काट्यावर गेली, मग राखेवर गेली. त्याने तिथलाच एक डबा उलटा घातला आणि काट्यासमोर बसला.

अडीचला बायकोने लेप लावला. आधी लावला असता तर काकवी जळून कडू झाली असती. अर्ध्या तासात तीन हात. तिसऱ्याला बरगड्या नव्या पॉलिश केलेल्या फर्निचरसारख्या चमकू लागल्या.

तीनला ताटं भरली. वस्तादाने एक बरगडी उचलली, चावली. हाड स्वच्छ सुटलं. त्याने दुसरी घेतली. मग तिसरी.

"अहो, बोला ना काहीतरी," मेहुणी म्हणाली.

"खातोय ना!"

चौथं हाड ठेवून तो उभा राहिला. "ऐका सगळ्यांनी. अठरा वर्षं मी बरगड्या उकडतोय. चुकत होतो." आणि खाली बसून त्याने पाचवी ओढली.

बॉयलर नीट चालला की बॉयलरवाला कोणाच्या लक्षात राहत नाही. त्यामुळे कौतुकाच्या वेळी चेहरा कसा करायचा, याचा काकांना सराव नव्हता. ते घाईघाईने पाणी प्यायले.

बायकोने मात्र मान ताठ करून ताट पुढे सरकवलं. "घ्या भाऊजी, लाजू नका. आमच्या ह्यांनी भरपूर केल्यात."

'आमच्या ह्यांनी' हे तिने पुढच्या तासाभरात सात वेळा म्हटलं. आपण मोजत नव्हतो, असं काकांचं म्हणणं आहे.