बारावी सोंगटी

दुपारचं जेवण अंगावर आलंय. खुर्चीत मान टेकली तरी हात पटावरच आहे. एकट्यानं खेळायचा हा युद्धाचा पटखेळ माझा, तीन वर्षं घासून केलेला. एकाहत्तरच्या लढाईत माझ्या वडिलांच्या, आबांच्या, कमांडो तुकडीनं शत्रूच्या मुलखात घुसून पूल उडवला, तीच ही मोहीम. खेळणारा तुकडी चालवतो, शत्रूची चाल पत्ते ठरवतात. पट अव्वल झालाय, उगाच नम्रपणा कशाला? पाच वाजता छापायला जायचाय. डोळे मिटतात.

समोरच्या खुर्चीत आबा बसलेत. जाऊन सहा वर्षं झाली, पण मिशी तश्शीच पिळलेली.

“वासंते, खेळू का गं?”

“खेळा की! पण घाम फुटेल, आधीच सांगून ठेवते.”

“बघू तर.”

ते फासे टाकतात. टेबलाखालून पाणी वाहतंय, माझे पाय घोट्यापर्यंत भिजलेत. स्वयंपाकाच्या ओट्याच्या जागी पुलाचे खांब उभे आहेत आणि मला त्याचं काहीच वाटत नाही. आबा चिखलात उकिडवे बसून एकेका सोंगटीवर बोट ठेवत मोजतात.

“अकरा. आम्ही गेलो बारा.”

ते स्वतःची सोंगटी उलटून वाचतात: ‘हवालदार शेलार. पुलाखाली सुरुंग लावतो.’

“हे काम रंगाचं.”

रंगाकाका माने आबांचे जोडीदार. सुरुंग लावायला गेले ते परत आलेच नाहीत. आईनं मला सांगितलं होतं. सगळं ठाऊक असून मी त्यांना वगळलं.

“आबा, उभ्या जन्मात तुम्ही त्यांचं नाव काढलं नाहीत. वाटलं, तुम्हाला त्रास नको. आणि पूल माझ्या बापानं उडवला म्हटलं तर बिघडलं कुठं?”

“मी बोललो नाही, म्हणून तो नव्हताच व्हय?”

मेल्याहून मेल्यासारखं होतं मला. तरी हेका सोडवत नाही.

“खेळणाऱ्याच्या हातून ते दर डावात मरतील हो.”

“मरू दे. पण पूल त्यालाच उडवू दे. त्याची बायको जिती आहे अजून. खोका उघडंल, नवऱ्याला हुडकंल, अन् तिथं माझं नाव घावंल. चालंल तुला?”

“नाही, आबा.”

“मग झालं तर! एवढं कसलं अवघड?”

ते हसतात, माझी बाही धरतात आणि एक हिसडा देतात.

फोन वाजतोय. छापखान्यातले गुरव. “ताई, पाच वाजले. लावू का मशीनवर?”

फरशी कोरडी आहे. माझ्या बाहीला नुसता दोरा लोंबतोय. पटावर, पुलाच्या घरात, सगळ्या सोंगट्यांच्या पुढे माझं पांढरं बटण बसलंय.

“थांबा, गुरव,” मी म्हणते. “एक माणूस राहिलाय. नाव लिहून घ्या.”