धोंड्याच्या जेवणाला लावलेला जुना भाग

माझ्या साडूबद्दल माझ्या मनात तीळभरही मत्सर नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

निखिल हा माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. नागपूरला कंप्युटरच्या कंपनीत आहे, उंच आहे, डोक्यावरचे केस सगळे जागेवर आहेत, आणि सासूला 'मामी' म्हणताना आवाजात कुठून तरी साखर आणतो. आणू द्या. मी आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट आहे. बी.एस्सी.! तेही वर्ध्यात राहून, तेही एकदाही नापास न होता (दुसऱ्या वर्षाचं गणित सोडून द्या). लग्न झालं तेव्हापासून नाचणगावच्या सासुरवाडीत माझ्या शब्दाला वजन होतं. इन्व्हर्टर कोणता घ्यावा, पापडांना बुरशी का येते, मोतीबिंदू आधी कोणत्या डोळ्याचा काढावा, काहीही असो, मामाजी, म्हणजे माझे सासरे, एकच म्हणायचे, "मोठ्या जावयाले इचारा. बी.एस्सी. हायेत ते!"

हे राज्य माझ्या हातून गेलं ते मामाजींच्या गुडघ्यामुळे.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पुलगावच्या बाजारातलं कापडाचं दुकान मुलाच्या हाती देऊन मामाजी घरी बसले. भेटायला आलेल्या निखिलने त्यांना टीव्हीवर 'सात सूरज पार' ही परदेशी मालिका हिंदीत लावून दिली. एक यान अवकाशात फिरतंय, फिरतंय, आणि मी हाफ पँटीत होतो तेव्हापासून फिरतंय! कप्तान म्हातारे होतात, नवे येतात, यान तेच. जुने भाग इतके की सगळे पाहायचे म्हटले तर मामाजींचा दुसराही गुडघा बदलायची वेळ यावी. आता नवं पर्व येणार होतं, आणि त्याआधी जुन्यातले नेमके कोणते भाग पाहावेत, हा त्या घरातला राष्ट्रीय प्रश्न झाला.

आणि तो प्रश्न मला कोणी विचारला नाही!

"निखिलराव म्हनत होते, तो बर्फाच्या ग्रहाचा पाहा," मामाजी फोनवर मला सांगायचे. "निखिलराव म्हनत होते, मंधातले दोन सोडून द्या. निखिलराव म्हनत होते..."

"मामाजी," मी शेवटी म्हणालो, "असं मधूनच उचलून पाहायचं नसतं. शास्त्राचा विषय आहे. पाया पक्का पाहिजे. पहिल्या भागापासून सुरू करा."

मामाजींनी माझा मान राखला. पहिला भाग लावला. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"जावईबापू, ते यान तं आपल्या दुकानातल्या खोक्याचं केलं हाय वाटते. अन् राक्षस म्हनून जो आला, त्याच्या पाठीची चेन दिसून राह्यली होती. मले तं झोप लागली बाप्पा."

"पुढे रंगतं ते!"

"हाव, निखिलरावबी तेच म्हनत होते. ते म्हने, पहिले भाग पाहूच नका."

मी फोन ठेवला. बायको वंदना भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी काऊन जळून राह्यले त्यायच्यावर?"

"मी? जळतो? मी बी.एस्सी. आहे!"

अशातच अधिक महिना आला. अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू (बाकीचा काळ तो जावईच असतो). त्याला बोलवायचं, पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, दिवा लावून अनारशांचं वाण द्यायचं. दोन्ही जावयांना एकाच दिवशी बोलावणं होतं, आणि मामाजींनी जाहीर केलं होतं की जेवताना 'सात सूरज पार'चा एक भाग सगळ्यांनी मिळून पाहायचा. कुलर हॉलमध्ये, टीव्ही हॉलमध्ये, म्हणून पंगतही हॉलमध्येच.

मी ठरवलं, हा भाग मी निवडणार. गेलेलं राज्य परत घेणार!

वर्ध्याशेजारी पिपरी मेघेच्या आमच्या घरी बसून मी भागांची नावं वाचत गेलो, आणि एका ठिकाणी बोट थांबलं. भागाचं नाव 'मेहमान'. खाली लिहिलेलं : दूरच्या एका ग्रहावर कप्तानाला राणीचा जावई म्हणून मान मिळतो. अहो, जणू आमच्यासाठीच काढलेला! ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत मी तो मोबाइलवर पाहिला. पायघड्या, हार, पंचपक्वान्नं! अर्धा झाला आणि सुट्टी संपली. पण अर्ध्या पुस्तकाच्या जोरावर मी अख्खी बी.एस्सी. काढली होती, अर्ध्या भागाचं काय घेऊन बसलात?

धोंड्याच्या दिवशी मी रिमोट हातात घेतला. निखिल शेजारच्या पाटावर बसला होता. पडद्यावर नाव पाहिलं आणि तो दचकलाच.

"दादा, हा आज नका लावू."

"का बुवा?"

"असंच. दुसरा लावा ना. बर्फाचा लावा."

"अरे, पण का?"

"सांगितलं तं मजा जाते, दादा. शेवट सांगायचा नसतो. पन तुमी हा नका लावू. हात जोडतो."

पाहा! आला की नाही पोटातला मत्सर बाहेर? मी मनात म्हटलं, बेट्या, तुझ्याशिवाय कोणाला निवडता येत नाही असं वाटलं होतं काय? आणि बटण दाबलं.

सुरुवात काय झाली म्हणून सांगू! पडद्यावर राणीने कप्तानाचे पाय धुतले, आणि नेमक्या त्याच वेळी मामी परातीत माझे पाय धूत होत्या.

"अवं पाहा!" मामाजी खुर्चीतून ओरडले. "तिथंबी जावयाले मान हाय!"

"बाई बाई बाई," मामी हरखल्या. "तिकडंबी धोंडे करतेत? कोन्या जातीचे हायेत जी हे?"

"दुसऱ्या ग्रहाचे आहेत, मामी," मी प्रेमाने म्हणालो, आणि निखिलकडे पाहिलं. तो ताटाकडे पाहत होता. कसं वाटतं आता?

पडद्यावर पंगत बसली. इकडेही बसली. तिकडे राणी वाढत होती, इकडे मामी. तिकडे कप्तान पुरे म्हणाला, इकडे मी.

"घ्या न, जावईबापू, काहीच खाल्लं नाई तुमी," मामी माझ्या धोंड्यावर तुपाची धार सोडत म्हणाल्या.

पडद्यावर राणीने कप्तानाचा दंड चाचपला. मागे वळून आपल्या आचाऱ्याला म्हणाली, "अभी दुबला है. दो दिन और खिलाओ. फिर पकाना."

मामी पडद्याकडे बघतच राहिल्या.

तूप माझ्या ताटात पडतच होतं. ताट भरलं, वरणभात बुडाला, तरी मामींचा हात तसाच. पडद्यावर चार आचारी एवढी मोठी कढई घासत होते, आणि हो, त्यात घालायचा मसालाही दाखवला!

"म्हंजे," मामी हळूच म्हणाल्या, "मी तुमाले कापाले चारून राह्यले?"

"नाही हो मामी! मी तर..."

"सांगून टाका न सरळ! सकाळपासून पुरन वाटू वाटू हात गेले माये, अन् तुमी मले राक्षसीन दाखोता? सनासुदीले?"

"मामी, ते दुसऱ्या ग्रहावरचं आहे!"

"ग्रह दुसरा असन, सासू तं सासूच हाय न!" असं म्हणून त्यांनी तुपाची वाटी आदळली, स्वयंपाकघरात गेल्या आणि आतून कडी लावली.

धोंड्याच्या जेवणाला जावई रुसतो, ही आपल्याकडची रीत. सासू रुसली आणि जावई दाराशी उभा राहून विनवतोय, हे नाचणगावात पहिल्यांदाच घडत होतं. मी तुपकट हातांनी कडी वाजवली. "मामी, मी अर्धाच पाहिला होता हो!" वंदना माझ्या मागे येऊन दातओठ खात म्हणाली, "मंग अर्धाच लावाचा होता!"

शेवटी निखिल उठला. दाराला तोंड लावून म्हणाला, "मामी, मी शेवट सांगतो. मी कधी कोनाले सांगत नाई, पन तुमाले सांगतो. शेवटी सासूच वाचवते त्याले!"

आतून मामींनी विचारलं, "कशी?"

"अख्ख्या ग्रहाशी भांडते. कढई उलटी करते. म्हनते, याले हात लावाल तं पहिले मले शिजवा."

कडी उघडली.

मामींनी उरलेला भाग उभ्याने पाहिला. राणीने कढई उलटी केली तेव्हा पदर डोळ्यांना लावला. भाग संपल्यावर ताम्हणात दिवा लावून अनारशांचं वाण आणलं, माझ्यासमोरून नेलं आणि आधी निखिलच्या हातात दिलं! "लहान्याले समज हाय बाई," असं त्या वंदनाला म्हणाल्या, पण माझ्या कानाशी. मोठ्या जावयाच्या आधी धाकट्याला वाण! हे मी कोणाला सांगू?

एवढ्यात मामाजी खुर्चीवर थाप मारत म्हणाले, "लय भारी भाग होता! आतापर्यंतचा एक नंबर! कोनं निवडला?"

मी तोंड उघडलं. पहिल्यांदाच तोंडात धोंडा नव्हता. "मामाजी, मी..."

"निखिलरावांनं," मामी मध्येच म्हणाल्या. "दुसऱ्या कोनाचं डोकं चालते एवढं?"

निखिल म्हणाला, "नाई मामाजी, दादांनी निवडला." म्हणजे मोठेपणाही त्यालाच!

त्यानंतर आठवडाभर सासुरवाडीहून फोन नव्हता. मग एका संध्याकाळी आला. मामाजीच होते. आवाजात तो जुना आदर.

"जावईबापू, एक काम होतं तुमच्याकडं. आज कोनता भाग पाहू, हे जरा सांगता काय?"

माझा ऊर भरून आला. अहो, किती दिवसांनी! मी चष्मा पुसला, खुर्ची ओढली, घसा साफ केला. "मामाजी, माझं मत विचाराल तर..."

"नाई नाई, तुमचं नाई. निखिलरावले इचारून सांगा. त्यायचा फोन कवाचा बिझी येऊन राह्यला."

मी लगेच निखिलला लावला. बिझी. परत लावला. बिझी. एवढा वेळ कोण बोलतंय त्याच्याशी, म्हणून चडफडत मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. ओट्याला टेकून, मोबाइल कानाला लावून, वंदना हळू आवाजात बोलत होती :

"हाव निखिलराव, बर्फाचा झाला पाहून. आता पुढचा कोनता लावू? नाई नाई, यायले नाई इचारत. हे पहिल्या भागापासून पाहाले लावते!"