अपघाताआधीच निघालेली पोलीस गाडी

त्या प्रकरणाचा विषय निघाला की आजही माझं डोकं तापतं. मिरजगावजवळ हायवेवर मंगळवारी रात्री पावणेबाराला एका पांढऱ्या जीपने पेट्रोल पंपावरच्या कामगाराला उडवलं आणि ती पळाली. कामगार जागीच गेला. शेजारच्या ढाबेवाल्याने सगळं पाहिलं होतं, पण घाबरून आम्हाला कळवलं ते पहाटे.

पुढे खबऱ्याने सांगितलं, तिसगावात दिवा फुटलेली पांढरी जीप उभी आहे. चालक पाथर्डीकडचा, ऊसतोड मजुरांची ने-आण करणारा. जवळच्या टोलनाक्याच्या कॉम्प्युटरवरून मंगळवारची यादी मागवली. त्याची जीप सापडली, रात्री अकरा पन्नासला.

आमचे वरिष्ठ साहेब म्हणाले, "अटक दाखवा. लोक रास्ता रोकोच्या तयारीत आहेत."

चालकाला समोर बसवलं. खोटं बोलणारा माणूस दर वेळी नवं काही जोडत जातो. हा एकाच गोष्टीवर अडून बसला.

"साहेब, मंगळवारी आवस हुती. आवसंला टोळी घिऊन कोन भाईर पडतं? आमी बुधवारी पहाटं निघालो."

"आणि दिवा कसा फुटला?"

"बैलगाडीचं जू लागलं. नाक्याआदी वाटंत तुमचीच गाडी मला मागं टाकून फुडं गेली की."

आमची गाडी म्हणजे मी स्वतः. पंचनाम्याला जाताना बुधवारी पहाटे पाचला नाका ओलांडला होता. यादी पुन्हा पाहिली. त्याच्या नोंदीच्या थोडं वर आमच्या गाडीचा नंबर होता, मंगळवार, रात्री साडेअकरा. म्हणजे माणूस मरायच्या आधीच आम्ही पंचनाम्याला निघालो होतो!

साहेबांपुढे यादी ठेवली. ते म्हणाले, "कॉम्प्युटर चुकत नाही."

"मग अटकेच्या कागदावर सहीही त्याचीच घ्या. माझी मिळणार नाही."

नाक्याचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या इंजिनिअरला ठाण्यात बोलावलं. तो म्हणाला, "सर, नोंदी जागतिक वेळेत साठतात आणि यादीतही तशाच छापल्या जातात. आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे. तारखेवरून नोंद पटकन सापडावी म्हणून इंडेक्स, म्हणजे सूची, करायचा होता. पण एकाच क्षणाची तारीख देशागणिक बदलते, आणि बदलत्या तारखेवर डेटाबेस इंडेक्स करू देत नाही. म्हणून मी जागतिक वेळच पक्की केली."

"भारतीय का नाही केली?"

"डेटाबेसने अडवलं नाही, म्हणून मीही पुढे विचार केला नाही."

म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या आत गेलेली प्रत्येक गाडी आदल्या तारखेत पडत होती. चालकाची अकरा पन्नासची नोंद म्हणजे बुधवारी पहाटेचे पाच वीस. रात्री पळालेली खरी जीप त्याच यादीत होती, संध्याकाळी सहा वीसच्या, म्हणजे आपल्या रात्री अकरा पन्नासच्या नोंदीत. तिथे कोणी पाहिलंच नव्हतं. तिचा मालक तासाभरात कबूल झाला.

चालकाला सोडलं. त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर कोयता-बिऱ्हाड घेऊन बसली होती. ती एवढंच म्हणाली, "धरायच्या आदी इचारलं असतं तर?"

यंत्रावर माझा राग नाही. 'यंत्र सांगतंय' म्हणून हात झटकणाऱ्यांवर आहे. कोठडीचं कुलूप माणूस लावतो, तेव्हा खात्रीही माणसानेच करायची. त्या वर्षी माझ्या सेवापुस्तकात 'वरिष्ठांचा हुकूम मानत नाही' असा शेरा पडला. तो काढून टाकण्यासाठी मी कधीच अर्ज केला नाही.