सुधारणा नेमकी कोणाची

ब्रिस्टलच्या विद्यापीठात शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन सुधारणांवर व्याख्यान होतं. मजुरांची दारू सोडवणारे आणि त्यांच्या कामाचे तास कमी करायला लावणारे, या दोघांची प्राध्यापक तुलना करत होते. निष्कर्ष मात्र त्यांनी आगामी ग्रंथासाठी राखून ठेवला होता.

व्याख्यान लांबलं, तशा हॉल साफ करायला आलेल्या एक बाई माझ्या शेजारी टेकल्या. मघाशी मला फोनवर मराठी बोलताना त्यांनी ऐकलं होतं.

"अहो, फरक सोपाय," त्या कुजबुजल्या. "पहिले मजुराला सुधारतात, दुसरे मालकाला. आम्ही कंपनीला म्हटलं, तीन मजले पुसून कंबर मोडते, दोनच द्या. त्यांनी फ्री योगा क्लास दिला. तोही लंच ब्रेकमध्ये!"

"मग?"

त्यांनी खिशातून युनियनचा अर्ज काढला. दोन मजल्यांची मागणी होती. खाली एकही सही नव्हती.

"पहिलं नाव मॅनेजरच्या बरोब्बर लक्षात राहतं. आठवडाभर घेऊन फिरतेय."

टाळ्या झाल्या. मंडळी ग्रंथाची चौकशी करायला पुढे सरकली. बाईंनी अर्ज बाकावर ठेवला, घडी तळहाताने सपाट केली आणि आडनावासकट पूर्ण नाव लिहिलं.

"आता पाय वर घ्या हं," त्या म्हणाल्या, "व्हॅक्यूम क्लीनर फिरवायचाय."