मोगऱ्यानं आटवलेलं दूध

ओतूरच्या दवाखान्यात सासूबाईंनी माझं दुखणं एका शब्दात सांगितलं, "ताप." उजवी छाती दगडासारखी झाली होती, पण पुरुष डॉक्टरसमोर हा अवयव आमच्या घरात कुणालाच नव्हता. मी तोंड उघडलं तसा त्यांनी माझ्या मांडीवर हात दाबला. दोन महिन्यांची अंगावर पिणारी मुलगी घरी आहे हेही सांगायचं राहून गेलं. डॉक्टरांनी अँटिबायोटिकच्या कॅप्सूल लिहून दिल्या.

"लई कडक औषध हाय," एसटीत सासूबाई म्हणाल्या. "समदं दुधात उतरतं. लेकराच्या पोटात जहर नको जायला."

"आत्याबाई, डॉक्टरांना विचारून येऊ का?"

"त्यात काय इचारायचं? आमी काय लेकरं वाढवली न्हाईत?"

मुलीला डब्यातल्या पावडरचं दूध सुरू झालं. माझं आटवायला त्या रोज शेजारच्या परसातून मोगऱ्याच्या कळ्या आणत आणि घट्ट पट्ट्यात माझ्या छातीवर बांधत. त्यांचा हात हळुवार होता. मुलगी शेजारच्या खोलीत रडली की पट्टा ओला होई. पुढे तोही कोरडा राहू लागला.

कॅप्सूल संपल्यावर छातीतली गाठ फुटली, तेव्हा कुठे डॉक्टरांना ती दाखवावी लागली.

"पाजणं थांबवायला कुणी सांगितलं?" ते म्हणाले. "या औषधात पाजलेलं चालतं. उलट पाजत राहिला असतात तर छाती मोकळी झाली असती."

दवाखान्यात कुणी सांगितलं नव्हतं, हे खरंच होतं. घरी येऊन मी मुलीला अंगावर घेतलं. तिनं दोनदा ओढून पाहिलं आणि तोंड फिरवलं. महिनाभर रोज घेत राहिले. ती रोज तोंड फिरवत राहिली.

श्रावणात सरकारी दवाखान्यात मातेच्या दुधावर कार्यक्रम झाला. व्यासपीठावर सगळे पुरुष, शाल-नारळ देण्यातच तासभर गेला. मग प्रमुख पाहुण्यांनी माइक घेतला. आईचं दूध म्हणजे अमृत, असं बऱ्याच उपमा देऊन झाल्यावर ते म्हणाले, "पण आजच्या आयांना फिगर जपायचीय. बाटली लावली की सुटल्या."

बाया हसल्या आणि माझ्याकडे, मांडीवरच्या मुलीकडे वळून पाहू लागल्या. आमचे डॉक्टर पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होते.

"फडकं टाक त्येच्यावर," सासूबाई खाली बघत पुटपुटल्या.

मी बाटलीवर पदर घेतला. मुलगी आतून पीत राहिली.