पवनचक्कीचं शेपूट

सातवीत शाळा सुटली. रत्नागिरीकडचं गाव सोडून नागपूरला आलो तेव्हा हातात ना दाखला होता, ना इथं ओळखीचं कुणी. सदर बाजारातल्या एका वर्कशॉपवाल्यानं फार काही न विचारता मला ठेवून घेतलं. त्या उपकाराची मला कायम धास्ती वाटे. माझ्या हातून एखादं काम ढिलं राहील, त्यांना लोकांपुढं खाली बघावं लागेल आणि मी पुन्हा रस्त्यावर. पंचवीस वर्षांचा झालो, घरी लग्नाचं बघत होते, तरी प्रत्येक नट दोनदा तपासल्याशिवाय पाना खाली ठेवत नसे.

गोष्ट सत्तर-बाहत्तर सालची. काटोल रस्त्यावर एका संत्र्याच्या बागेत, विहिरीवर लोखंडी पवनचक्की होती. बागेच्या मालकांच्या वडिलांनी ती परदेशातून मागवलेली. पेट्या रेल्वेनं आल्या, आणि तिथल्या माळीबुवांनी तरुणपणी बैलजोड्या लावून तो मनोरा उभा केला. तेव्हापासून तिला सांभाळणं हीच त्यांची नोकरी. वारा आला की चाक फिरे, विहिरीतला दट्ट्या वरखाली होई, पाणी हौदात पडे. आता चाक अडकायला लागलं होतं आणि बागेपर्यंत वीज आली होती.

मालक म्हणाले, "एकदा दुरुस्त करून बघू. पुन्हा बंद पडली तर मोटर बसवतो."

मोटर आली की माळीबुवांची नोकरी गेली, आणि विहिरीजवळची त्यांची खोलीही मोटरीसाठी जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

थंडीत संत्र्याच्या झाडांना ताण देतात, म्हणजे बहर यावा म्हणून पाणी तोडतात. तेवढ्या दिवसांतच काम उरकायचं होतं. वर्कशॉपनं मला पाठवलं. मी तिथंच राहिलो. माळीबुवांची बायको जेवायला वाढी.

"खाय बापू, लाजू नोको. तुही माय काय इथं पाहाले येते?"

त्यांच्या तिखटानं डोळ्यांत पाणी यायचं. ते तिखटाचंच, असं मी सांगे.

पाती ठोकून सरळ केली. दट्ट्याचं चामडं तेलात भिजवून नवं घातलं. दातेरी चाकं रॉकेलनं धुतली. राहिलं शेपूट, म्हणजे चाकाचं तोंड वाऱ्याकडं धरणारा मागचा पत्रा. तो बिजागरीवर डुगडुगत होता, स्प्रिंग सैल झालेली. वर्कशॉपात डुगडुगणं म्हणजे चूक. मी वर चढून दोन पट्ट्या रिवेटनं ठोकल्या आणि शेपूट जाम केलं.

माळीबुवा खालून ओरडले, "काहून जाम करून राहिला गा? हालू दे त्याले!"

"ढिलं झालंय, बुवा."

"ते ढिलंच रायते. वारा जास्त झाला का चाक आंग चोरते."

"यंत्र आहे ते, बुवा. नवी नवरी नाही!"

ते हसले. "कोकण्या, मले तं सही बी येत नाही, तू सातवी शिकला. कर बावा तुह्या मनानं."

चाक फिरलं. माळीबुवांनी नारळ फोडला. पहिल्या पाण्याचा गडवा त्यांच्या बायकोनं माझ्यापुढं धरला, मी तो गटागटा प्यालो.

चैत्र संपता संपता, एका सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडं जेवायला गेलो होतो. दुपारी आभाळ पिवळं झालं आणि सोसाट्याचं वावधान सुटलं. माळीबुवा मनोऱ्याकडं धावले. वरून एक तार खाली यायची. ती ओढली की चाक शेपटाकडं मिटायचं आणि वाऱ्यातून बाजूला व्हायचं. त्यांनी ओढली. काही हललं नाही. ते तारेला लटकले, मीही लटकलो. तार हातांत रुतत होती, आणि वर माझ्या पट्ट्या घट्ट होत्या. तेव्हा मला कळलं. आधी एक पातं सुटलं, मग तीन-चार, मग अख्खं चाक कर्रकन् मोडून झाडांवर कोसळलं.

दुसऱ्या दिवशी मालक आले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात माळीबुवा बोलले, "लोखंडच जुनं होतं मालक. वाऱ्यापुढं कोणाचं चालते?"

मालक गेल्यावर मी म्हणालो, "बुवा, चूक माझी होती. तुम्ही असं का सांगितलं?"

"तुले काढलं असतं तं कुठं गेला असता तू? मले पोरगी हाय, तिच्या गावी जातो."

त्यांची बायको आत भांडी पोत्यात भरत होती. मला दारात बघून तिनं पोतं पलीकडं ओढलं.

आठवड्यानं ती दोघं गेली. मोटर बसवायचं काम मालकांनी आमच्याच वर्कशॉपला दिलं आणि तिथून मलाच पाठवण्यात आलं. खोलीतली चूल उखडून मी मोटरीचं जोतं बांधून घेतलं. बटण दाबल्याबरोबर पाणी धो धो आलं.

"छान काम केलंस," मालक म्हणाले.

मी मान खाली घालून हो म्हणालो, आणि हत्यारं गोळा करू लागलो.