फुकटचा सांबार

वडनेरच्या बाजारात भाजीच्या रांगेत त्या मॅडम माझ्यापुढे उभ्या दिसल्या की माझं डोकं फिरायचं. महागाईवर पीएचडी करतात. पावभर वांगी घ्यायची आणि पिशवी उघडी धरून विचारायचं, "मावशी, सांबार काऊन नाही टाकला?"

कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो. भाजीवर मूठभर फुकट टाकायची इथली रीत. महागाई येताना भावाच्या आधी ही मूठ आखडते, असं मॅडमचं म्हणणं. त्यांच्या गाइडना ते पटत नव्हतं. फुकटच्या वस्तूवर कसलं संशोधन?

"परवडत नाही वं बाई," भाजीवाली मावशी दरवेळी सांगायची. मॅडम तरी दरवेळी विचारायच्या.

गेल्या बाजाराला मावशीनं न मागता त्यांच्या पिशवीत सांबार टाकला. मला वाटलं, आता नाचतील. पण त्यांनी संशयानं विचारलं, "मी सारखी विचारते म्हणून देल्ला का?" आणि तिथेच उभ्या राहिल्या. मावशीनं माझी वांगी तोलली. मॅडमनी सरळ माझी पिशवी ओढून आत पाहिलं.

"यायलेबी देल्ला! म्हणजे मूठ सैल झाली!" त्या ओरडल्याच.

मग माझ्या मागच्या आजोबांची पिशवी बघायला थांबल्या. मीही थांबलो.